पहिली कथा कुठे पाठवायची? मासिकं, दिवाळी अंक आणि पहिलं पुस्तक

धोटा
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा, एका सायझिंगमध्ये (मागासाठी सुताला खळ लावतात तिथे) दिवाणजी आहे. बरीच वर्षं कथा लिहितोय. त्यात आमच्याकडचीच माणसं आहेत: खर्चीवाले म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारे मागवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, कांड्या भरणाऱ्या बायका, सीमेपलीकडून पोटासाठी आलेली बिऱ्हाडं. आतापर्यंत सगळं वहीत होतं. या पावसाळ्यात त्यातल्या निवडक कथा संगणकावर उतरवल्या.

मध्यंतरी एका प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, कथासंग्रह करू, मुखपृष्ठ झकास करू, निम्मा खर्च तुम्ही द्या आणि दोनशे प्रती विकत घ्या. घरी त्यावर बोलणं झालं. बायकोनं एकच विचारलं, "आधी कुणी वाचलंय का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून इथे विचारतो. नाव नसलेल्या माणसाची कथा कोणतं मासिक वाचतं? होकार-नकाराचं पत्र येतं का? दिवाळी अंकात ओळख लागते म्हणतात, ते खरं का? आमच्या आपटे वाचन मंदिरात दिवाळी अंक वाचायला मिळतात, पण बाकीच्या वर्षात कथा छापणारं काय उरलंय हे मला नीट माहीत नाही. की सगळं सोडून सरळ पुस्तकच करावं? जे या वाटेनं गेलेत त्यांनी सांगावं.

पाऊसपाणी
पैसे देऊ नका. बाकीचं सावकाश लिहिते.

निवांत_वाचक
धोटादादा, वहिनींचा प्रश्न लाखाचा आहे. आधी कुणीतरी परक्यानं वाचायला हवं, आणि ते काम मासिकाचा संपादक करतो. पुस्तक त्यानंतरचं. मराठीत बहुतेक चांगले कथासंग्रह असेच आले, कथा आधी अंकांतून आल्या आणि मग त्यांचं पुस्तक झालं. संग्रहाच्या सुरुवातीला 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून अंकांची नावं छापलेली असतात. वाचनालयात तुम्हाला आवडलेला कुठलाही कथासंग्रह काढा आणि ते पान उतरवून घ्या. तुमच्या जातकुळीची कथा कोण छापतं, याची याहून चांगली यादी कुणी देणार नाही.

तरी ढोबळ सांगतो. 'साधना' साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं साप्ताहिक. तिथे भर वैचारिक लेखनावर आणि अनुभवांवर आहे, त्यामुळे कथा घेऊन तिथे पहिल्यांदा जाऊ नका. पण इचलकरंजीच्या मागवाल्यांवर लेख लिहिलात तर जरूर जा. 'मिळून साऱ्याजणी' विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये काढलं. कांड्या भरणाऱ्या बाईची कथा त्यांच्या वाचकांना आपली वाटेल. 'अनुष्टुभ' गंभीर वाङ्मयीन नियतकालिक आहे. रहस्य, गूढ, विज्ञान असं काही असेल तर दिवाळीत 'धनंजय' आणि 'नवल'. विनोदी असेल तर 'आवाज'. साहित्य संस्थांचीही स्वतःची नियतकालिकं आहेत. महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी', मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान'. त्यांत समीक्षा जास्त असते, पण ती वाचल्यानं आज कोण काय लिहितंय ते कळतं. 'ललित' तर दर महिन्याला चाळाच. नवी पुस्तकं कोणत्या प्रकाशकाकडून येताहेत हे त्यातून समजतं, आणि पुढे पुस्तकाच्या वेळी ती माहिती कामी येते.

यापैकी कुठेही पाठवण्याआधी त्यांचे दोन-तीन अंक अथपासून इतिपर्यंत वाचा. ही माझी एकच अट.

बेळगावची_मृदुला
कवितेसाठी धुळ्याचं 'कवितारती' सांगायचं राहिलं. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलं. माझ्यासारखीला त्या एका अंकानं समकालीन कविता वाचायला शिकवली.

सोळापानी
मी एका दिवाळी अंकाच्या संपादनाचं काम करते. अंकाचं नाव सांगणार नाही, नाहीतर उद्या माझी खरडवही कथांनी भरून जाईल. :)

आधी वेळापत्रक सांगते, कारण निम्मी माणसं तिथेच चुकतात. साहित्याचं आवाहन मे-जूनमध्ये निघतं. जुलैअखेर, फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मजकूर हातात लागतो. त्यानंतर वाचन, निवड, चित्रकाराकडे रवानगी. सप्टेंबरात मांडणी आणि मुद्रितशोधन. गणपती उठले की आमच्याकडे पानं लागायला सुरुवात होते. दसऱ्याला "एक कथा पाठवू का?" असे फोन येतात तेव्हा अंक छापखान्यात असतो.

ओळख लागते का? अंकाचा मोठा भाग आमंत्रित लेखकांचा असतो, हे खरं. वाचक अंक विकत घेताना मुखपृष्ठावरची नावं बघतो, जाहिरातदारही बघतो. पण दर वर्षी आलेल्या टपालातून नवं नाव निवडायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे, आणि ते सापडलं की आमच्या इवल्याशा कार्यालयात खरोखर चहा मागवला जातो. संपादकाला आनंद होण्याचे प्रसंग थोडे असतात, त्यातला हा एक.

मी काय बघते? पहिलं पान. त्यावर माणूस दिसला, त्याचं काम दिसलं, तो कुठे उभा आहे ते कळलं की मी पुढे वाचते. पहाटेचं वर्णन, मग चहा, मग खिडकीतून दिसणारा पाऊस, आणि चौथ्या पानावर कथा सुरू, असं असेल तर चौथं पान येईपर्यंत माझ्यापुढच्या गठ्ठ्यातली दुसरी कथा उघडलेली असते. धोटादादांनी वर माणसांची जी यादी दिली आहे ती वाचून मला आत्ताच कथा वाचावीशी वाटली.

पाठवण्याबद्दल: मजकूर युनिकोडमध्ये हवा, वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ. हस्ताक्षरातल्या पानांचे मोबाइलवर काढलेले, निम्मी सावली पडलेले फोटो पाठवू नका. नाव, पत्ता, फोन कथेच्या फाइलमध्येच लिहा, कारण फाइल उतरवून घेतली की ईमेल मागे राहतो. आमच्या अंकाला तीन ते चार हजार शब्दांची कथा सोयीची पडते, प्रत्येक अंकाचं गणित वेगळं. एका वेळी एकच कथा. सोबतचं पत्र चार ओळींचं. कथेत काय सांगायचं आहे हे पत्रात सांगू नका, ते कथेला सांगू द्या.

आणि एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. एकच कथा दोन दिवाळी अंकांत छापून आली की वाचक आवर्जून कळवतात. मग त्या लेखकाचं नाव दोन्ही संपादक लक्षात ठेवतात, नको त्या कारणानं.

नकार प्रत्येकाला कळवणं आमच्याच्यानं होत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण दोन माणसांत अंक निघतो. तीन महिने वाट बघा, मग एकदा विचारा. उत्तर आलं नाही तर कथा मोकळी झाली असं समजा आणि दुसरीकडे पाठवा.

तिसरी_घंटा
सोळापानीताई, ही पोस्ट छापून भिंतीवर लावावी अशी आहे. वाचनखूण साठवली.

रात्रपाळी
सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. तीन महिने वाट बघा, मग मोकळी समजा, मग दुसरीकडे तीन महिने. म्हणजे एका कथेचं वर्ष गेलं. छापून आली तरी मानधन मिळेलच असं नाही, कधी फक्त अंकाची प्रत येते. आणि तो अंक आमच्या तालुक्याच्या गावी मिळत नाही!

मी प्रतिलिपि या ॲपवर लिहितो. रात्री भाग टाकला की सकाळपर्यंत वाचकांच्या प्रतिक्रिया असतात. साताऱ्याची एक बाई माझ्या कथेतल्या सासूवर इतकी चिडली की तिने मला तीन परिच्छेद लिहून पाठवले. हे मला कोणत्या मासिकानं दिलं असतं? किंडलवरही मराठी ई-पुस्तक स्वतःचं स्वतः काढता येतं, छपाईचा खर्च शून्य. संपादकाच्या दारात उभं राहायची वेळ आता उरलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

निवांत_वाचक
रात्रपाळी, वाचक मिळतात हे मान्यच. सासूवर चिडलेली वाचक मिळणं ही भाग्याची गोष्ट. पण त्या प्रतिक्रियांत कधी कुणी म्हणालं का, की दुसरा भाग गाळला तर कथा सुधारेल?

रात्रपाळी
नाही म्हणालं. "पुढचा भाग कधी?" असं म्हणतात.

सोळापानी
रात्रपाळी, तुमचं लिहिणं थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त एक व्यवहार लक्षात घ्या. ॲपवर, ब्लॉगवर, फेसबुकवर टाकलेली कथा आम्ही पूर्वप्रकाशित धरतो, आणि बहुतेक अंकांचा नियम तोच आहे. म्हणजे तिथे टाकली की इथला दरवाजा बंद. धोटादादांनी आधी इकडे पाठवून बघावं, इकडून परत आली तर तिकडे टाकायला कुणाची ना नाही. उलट्या क्रमानं हे होत नाही.

पाऊसपाणी
सावकाश लिहिते म्हटलं होतं, आता लिहिते.

माझ्या मैत्रिणीनं पैसे देऊन संग्रह काढला. प्रकाशकाचं नाव घेत नाही. प्रती घरी आल्या, दिवाणाखाली गेल्या. प्रकाशकाच्या विक्रीच्या यादीत पुस्तक होतं, दुकानात कुठेच नव्हतं. वाईट याचं वाटतं की कथा चांगल्या होत्या. संपादन न झाल्यामुळे एकाच संग्रहात नायिकेचं नाव मधेच बदललं आहे, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण ते पुस्तक छापण्याआधी कुणी वाचलंच नव्हतं.

तिच्या बिलात आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे वेगळे पैसे लावले होते. भारतात हा क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तर त्यालाही मिळतो, अर्ज ऑनलाइन आहे. कुणी त्याचे पैसे मागितले तर बाकीचं बिलही ओळीओळीनं तपासावं.

गिरगावकर_काका
मंडळी, नकाराच्या उत्तरावरून आठवलं. थोडं अवांतर, पण धाग्याला धरून आहे.

दिवाळी अंकाची प्रथा का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पाडली. पण नव्या लेखकाला घडवण्याचं जे काम गिरगावात खटाववाडीत 'सत्यकथे'नं केलं, त्याला तोड नाही. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला सविस्तर पत्र लिहीत. कथा कुठे ढिली पडली, शेवट का पटत नाही, कोणतं पात्र अर्धवट राहिलं. कथा परत येई, पण वाचून परत येई. काही लेखकांनी एकच कथा पुन्हा पुन्हा लिहिली आणि मग ती छापून आली. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झालं. त्यानंतर परत येणारी पत्रं दुर्मीळ झाली. सोळापानीताई दोन माणसांत अंक काढतात, त्यांना दोष नाही. पण नव्या लेखकाचं नुकसान झालं ते या पत्रांच्या जाण्यानं, असं मला मनापासून वाटतं.

चिरगूट
काका, आमच्या मामांकडे नाकारलेल्या कथांसोबत आलेल्या 'साभार परत' पत्रांची अख्खी फाइल होती. लग्न ठरताना मामींच्या वडिलांना दाखवली आणि आजोबा म्हणाले, "मुलाचा पत्रव्यवहार मुंबईच्या मोठमोठ्या संपादकांशी आहे." लग्न झालं.

तिसरी_घंटा
:)) मामांच्या कथा छापून आल्या का पुढे?

चिरगूट
आल्या की. मामींनी पहिली वाचक व्हायचं ठरवलं तेव्हापासून.

अनियतकालिक
काकांच्या आदराला धक्का न लावता दुसरी बाजू. त्याच 'सत्यकथे'च्या चौकटीत न बसणारे लोक साठच्या दशकात आपापली पत्रकं काढत होते. 'शब्द', 'असो', 'येरू', 'फक्त', भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा'. कुणी सायक्लोस्टाइल करून, कुणी मित्रांकडून पैसे गोळा करून. १९६९ मध्ये राजा ढाले आणि मित्रांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली, इतका तो राग खरा होता. अरुण कोलटकरांची कवितेची पुस्तकं पुढे अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानंच काढली. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं नसतं तर दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काचं पान कुठे मिळालं असतं? आणि दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये छापलं ते ग्रंथालीनं, वाचकांच्या चळवळीनं.

धोटादादांना एवढंच सांगायचं, की मोठ्या अंकांनी घेतलं नाही म्हणजे लेखन कमी पडलं असं समजू नका. इचलकरंजी, जयसिंगपूर, कोल्हापूर भागात लिहिणारे पाच-सात जण शोधा. सीमाभागात कडोली, येळ्ळूरला ग्रामीण साहित्य संमेलनं होतात, तिथे जाऊन बसा. एकमेकांच्या कथा वाचा. मोठ्या मासिकांची वाट बघत बसण्यापेक्षा चार जणांनी मिळून अंक काढलेला बरा.

गिरगावकर_काका
अनियतकालिक, तुमचं म्हणणं पटलं. फरक इतकाच, की तुमच्या यादीतल्या प्रत्येक पत्रकामागेही एक कडक वाचक बसलेला होता. मित्रानं मित्राला "हे जमलं नाही" म्हटलं की ते संपादनच झालं.

आता त्याच जमान्यातली आणखी एक हकिगत. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी त्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नाव बनवलं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं! जगभर नाव असलेल्या माणसाला बिननावाच्या लेखकाच्या रांगेत उभं राहून बघावंसं वाटलं. ज्या स्पर्धेत परीक्षकांना लेखकाचं नाव कळत नाही, तिथे नवख्यानं जरूर भाग घ्यावा.

वऱ्हाडी_ठेचा
सगळे मासिकावरच बोलून राहिले, सरकारी योजना कोणी सांगेना. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचं पहिलंच पुस्तक आहे त्याच्यासाठी. कथा, कविता, कादंबरी, नाटक, ललित, बालसाहित्य सगळं चालतं. हस्तलिखित पाठवायचं, तज्ज्ञ तपासतात, निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. पहिलं पुस्तक एकदाच येतं, तेव्हा घाईनं पैसे देऊन ते उरकून टाकलं की या योजनेचा दरवाजा कायमचा बंद! धोटादादा, हे आधी लक्षात घ्या.

पस्तिशीच्या आत असाल तर साहित्य अकादमीची 'नवोदय' योजना बघा, तीही पहिल्या पुस्तकासाठीच आहे. आणि २०२१ मध्ये केंद्रानं युवा लेखकांची योजना काढली होती, राष्ट्रीय पुस्तक न्यासातर्फे. तिशीच्या आतले ७५ लेखक निवडले, सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शन. आमच्या गावच्या पोराला उशिरा कळलं. म्हणून सांगतो, अशा जाहिरातींवर नजर ठेवत जा.

धोटा
ठेचादादा, पस्तिशी कधीच मागे पडली. पण मंडळाच्या योजनेचं ऐकून मोठा आधार वाटला. मी ते पैसे जवळजवळ कबूल करणार होतो. सगळं वाचतोय, उद्या सविस्तर लिहितो. आज बिलांचा दिवस.

काळा_कोट
धोटा, कबूल करण्याआधी थांबलात हे बरं झालं. कराराबद्दल चार गोष्टी सांगतो, कारण पुढेमागे सही करावीच लागेल.

कथा लिहून झाली त्या क्षणी तिचा कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी सक्तीची नाही. मासिकात छापून आली तरी हक्क तुमचाच राहतो, कारण तुम्ही त्यांचे नोकर नाही. फक्त मासिकाच्या नियमांत बारीक अक्षरात काही वेगळं लिहिलंय का ते वाचा. संग्रहात घेताना आधी कुठे छापली ते नमूद करणं हा शिष्टाचार.

पुस्तकाचा करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो, त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मानधन किती हे हवं. काळ लिहिलाच नसेल तर कायदा तो पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. प्रकाशकानं हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही, तर करारात वेगळं ठरलेलं नसल्यास तो हक्क संपतो. म्हणून 'सर्व हक्क, सर्व काळ, सर्व माध्यमं' असं एका ओळीत लिहून दिलं तर लगेच सही करू नका. छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर, चित्रपट हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. छापील पुस्तकासाठी आलेल्या माणसाला चित्रपटाचा हक्क देण्याचं कारण नाही.

आणि छापलेल्या पुस्तकाच्या प्रती कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवणं ही प्रकाशकाची जबाबदारी आहे. "तुम्ही त्या पाठवता का?" असं सहज विचारा. उत्तर देताना प्रकाशक चाचरला तर काय ते समजा.

रात्रपाळी
काळा कोट, ॲपच्या अटींचं काय? मी कधी वाचल्या नाहीत.

काळा_कोट
आज वाचा. हक्क तुमच्याकडेच राहतो की सोपवला जातो, मालिका किंवा ऑडिओ करायची परवानगी त्यात धरली आहे का, लेखन काढून टाकता येतं का, एवढं बघा. स्पर्धेला कथा देताना त्या स्पर्धेच्या अटी वेगळ्या असतात, त्याही बघा.

तिसरी_घंटा
मुलांसाठी लिहिणाऱ्यांचं कुणी बोललं नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत. माझी लेक उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातच बुडालेली असते. 'वयम्' आहे, ज्ञानप्रबोधिनीचं 'छात्र प्रबोधन' आहे, अगदी लहानग्यांसाठी 'चिकूपिकू' आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा लिहिता येतात, भाषांतरही करता येतं. फक्त तिथला परवाना खुला असतो, म्हणजे तुमची गोष्ट कुणीही नावासकट पुढे वापरू शकतो. हे माहीत असूनच टाकायची. मला ते आवडतं, माझी एक गोष्ट दुसऱ्या भाषेत गेली तेव्हा फार आनंद झाला.

पणजीकर
गोव्यात मराठी लिहिणाऱ्यांना इथल्या वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी फार हात दिला. पुरवणीत हजार-बाराशे शब्दांत लिहायची सवय लागते. कथेला जागा कमी, पण ललित लेखाला चांगली. धोटादादा, तुमच्या भागातल्या दैनिकांच्या पुरवण्याही बघा.

चिरगूट
युनिकोडवरून आठवलं. आमच्या इथल्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमधली कथा युनिकोडमध्ये बदलून दिली, त्यात सगळे रफार उडाले. 'गर्व' गेला आणि 'गव' उरला. संपादकांनी छापताना तो बिचाऱ्या लेखकाला परत मिळवून दिला.

सोळापानी
चिरगूट, हसले, पण हे रोजचं दुखणं आहे. श्रीलिपी किंवा इतर जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला की तो एकदा मोठ्यानं वाचा. रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य' आधी तपासा. धोटादादांच्या कथेत 'खर्चीवाला' पानोपानी असणार, रफार उडाला तर घोटाळाच होईल.

धोटा
सर्वांचे मनापासून आभार. प्रकाशकांना कळवलं की सध्या नाही. त्यांनी समजून घेतलं.

आपटे वाचन मंदिरात जाऊन पूर्वप्रसिद्धीची पानं उतरवली. निवांत वाचक, ही युक्ती नामी आहे. आवडत्या संग्रहांतून तीच तीच नावं पुन्हा येतात हे पहिल्यांदाच लक्षात आलं. आता दोन अडचणी. माझी सगळ्यात चांगली कथा, निदान बायको तसं म्हणते, सात हजार शब्दांची आहे. रात्री लाईट जाते, माग थांबतात, आणि त्या अंधारात खात्यातली माणसं एकमेकांशी जे बोलतात ती कथा. ती कापून चार हजारांत बसवू का?

दुसरं असं की संवाद आमच्या बोलीत आहेत. काही पात्रं कानडी मिसळून बोलतात. ते प्रमाणभाषेत करावं का? संपादकाला कळेल का, अशी धास्ती वाटते.

निवांत_वाचक
कापू नका. दुसरी, छोटी कथा आधी पाठवा. नाव एकदा छापून आलं की सात हजारांची कथा वाचायला संपादक जास्त वेळ देतो. शिवाय सगळ्याच अंकांना लांबीची अडचण नसते, काही दिवाळी अंक दीर्घकथा मुद्दाम छापतात. तुम्ही उतरवलेल्या यादीत ते सापडतील.

बेळगावची_मृदुला
बोली अजिबात बदलू नका! आमच्याकडे बेळगावात मराठी-कानडी एकाच वाक्यात येतं, आणि ते छापील पानावर दिसलं की मला किती बरं वाटतं म्हणून सांगू. अर्थ संदर्भातून कळतो. प्रत्येक शब्दाला तळटीप देऊ नका, त्यानं कथा अडखळते.

अनियतकालिक
मृदुलाताईंशी शंभर टक्के सहमत. अंधारात बसलेला जॉबर प्रमाणभाषेत बोलला तर कोण विश्वास ठेवील?

सोळापानी
निवेदन तुमच्या नेहमीच्या भाषेत, संवाद बोलीत, आणि दोन्हीकडे लेखन एकसारखं ठेवा. म्हणजे 'न्हाई' एकदा लिहिलंत तर शेवटपर्यंत 'न्हाई', मधेच 'नाय' नको. पात्रागणिक फरक असेल तर तो जाणूनबुजून असू द्या. फाइलच्या पहिल्या पानावर, कथेच्या वर, मुद्रितशोधकासाठी एक ओळ लिहा: 'संवादांतील बोली जाणीवपूर्वक वापरली आहे, शुद्ध करू नये.' ही ओळ नसली की आमचेच लोक भल्या मनानं सगळं सरळ करून टाकतात.

सात हजारांबद्दल निवांत वाचकांचं बरोबर आहे. कांड्या भरणाऱ्या बाईची कथा किती शब्दांची आहे?

धोटा
तीन हजारांच्या आसपास. तीच पाठवतो. ती ओळ आत्ताच फाइलवर टाकली. पत्ता नेटवर दोन-तीन वेगवेगळे दिसतात, कोणता खरा धरायचा?

सोळापानी
नेटवरचा नको. वाचनालयात चालू अंक उघडा, संपादकांची नावं असलेलं पान बघा. तिथला ईमेल आणि टपालाचा पत्ता दोन्ही उतरवून घ्या. आधी ईमेल करा. आठवड्यात पोच आली नाही तर छापील प्रत टपालानं पाठवा, आणि पाकिटावर 'कथेसाठी' असं लिहा.